बेहाल्याचं पत्र्याच्या भिंतींचं घर

आम्ही कलकत्त्याला बेहाल्याचं घर घेतलं तेव्हा त्याच्या भिंती कमरेपर्यंत विटांच्या होत्या आणि त्यावर छपरापर्यंत तट्ट्या. बांबू चिरून, चेपून, त्याच्या पट्ट्या विणून केलेली ही जाड तट्टी. तिकडे तिला दरमा म्हणतात. लाकडी खांब उभे करायचे, त्यांना दरमा ठोकायचा, वर कौलं घालायची, की झालं घर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या माणसांनी आमच्या आजूबाजूला अशी घरं भराभर उभी केली होती. आमचं त्याआधीचं, एका पेन्शनर गृहस्थांचं. त्यांना विटा वरपर्यंत न्यायच्या होत्या, पण मध्येच महायुद्ध सुरू झालं, विटा मिळेनात, सिमेंट मिळेना, म्हणून त्यांनी दरमा लावून काम भागवलं. पुढे ते मुलाकडे काशीला राहायला गेले आणि घर आमच्याकडे आलं.

त्याआधी आम्ही भवानीपूरला एका मराठी कुटुंबाच्या घरात एक खोली घेऊन राहत होतो. हे केंद्र सरकारच्या हिशेबाच्या कचेरीत होते. नोकरी बदलीची, तरी यांनी मनाशी ठरवलं होतं की आता कलकत्त्यातच राहायचं. "बदली आली तर बघू," म्हणायचे. मला घर पाहताक्षणी आवडलं. पुढे लहानसं अंगण, मागे तळं, तळ्याच्या काठाला नारळ. ट्राम डेपोपासून पायी थोडंसंच अंतर. पण पहिल्याच पावसाळ्यात दरम्यातून पाणी आत यायला लागलं. पाऊस सुरू झाला की पलंग ओढून खोलीच्या मधोमध आणायचा, ट्रंका विटांवर चढवायच्या, पुस्तकं टेबलावर रचायची. गाद्यांना कुबट वास. माझ्या दोन चांगल्या इरकली लुगड्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

यांच्या कचेरीत त्या सुमारास एका मोठ्या दालनाच्या खोल्या पाडल्या होत्या, सिमेंटच्या सपाट पत्र्यांनी. ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटमध्ये मिसळून केलेले पत्रे. छपरावरचे पन्हळी पत्रे सगळ्यांच्या माहितीचे होते, हे सपाट मात्र नवे होते. एका संध्याकाळी हे त्याचा एक तुकडाच खिशात घालून घेऊन आले. तळहाताएवढा, राखाडी रंगाचा. तो त्यांनी पाण्याच्या बादलीत टाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काढून माझ्या हातात दिला.

"बघ. कुजला नाही, मऊ पडला नाही. याला वाळवी लागत नाही, आग लागत नाही. दरमा काढून टाकू आणि हे लावू."

"दिसेल कसं?"

"भिंतीसारखं दिसेल. आत्ता कुठे भिंतीसारखं दिसतंय?"

हे खरंच होतं.

थंडी सरता सरता पत्रे आले, ठेल्यावरून, दोन माणसं ओढताहेत आणि एक मागून ढकलतोय असे. एकेक पत्रा पलंगापेक्षा मोठा, आणि वजन असं की एकट्या माणसाला उचलणं कठीण. गल्लीतली बरीच मंडळी बघायला जमली. त्यात शेजारची दीदीही होती. ती माझ्याहून लहान, लग्न न झालेली. निर्वासितांच्या वस्तीत पत्र्याच्या शेडमध्ये एक शाळा निघाली होती, तिथे शिकवायची. म्हणून सगळे तिला दीदीमणी म्हणत, मी नुसतं दीदी म्हणे. ती मला बौदी म्हणायची, म्हणजे वहिनी. आमचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं बंगालीत चाले. तिच्या घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. पूर्व बंगालमध्ये कुठल्याशा जिल्ह्याच्या गावी ते वकील होते. इथे आल्यापासून काही करत नसत. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी पुन्हा तेच वर्तमानपत्र. मी त्यांना काकाबाबू म्हणायची.

त्यांचंही घर दरम्याचंच. पत्रे बघून दीदी त्यांना म्हणाली, "बाबा, आपणही करून घेऊ या."

काकाबाबूंनी पत्र्यावर टिचकी मारून बघितली. "चांगली वस्तू आहे. ज्यांना इथे राहायचंय त्यांच्यासाठी," म्हणाले आणि घरात गेले.

त्यांच्या अंगणात दुधीचा वेल होता, वाल होता, पालेभाजी होती. झाड एकही नव्हतं. शेजारच्यानं एकदा आंब्याचं रोप आणून दिलं तर त्यांनी ते लावू दिलं नाही. आंबा धरायला वर्षं लागतात, आणि ते तोपर्यंत थांबणार नव्हते. त्यांचं सगळं बोलणं असं होतं की आज ना उद्या परिस्थिती निवळेल आणि आपण परत जाऊ.

कामाला यांनी एक मिस्त्री ठरवला. जुन्या खांबांवर आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा त्यानं झकास उभा केला. पण हे पत्रे त्यानंही पहिल्यांदाच हातात धरले होते. दरम्याला मारतात तसे त्यानं सरळ खिळे ठोकले आणि पहिल्या दोन पत्र्यांचे कोपरे तडकून हातात आले. तो म्हणाला, माल खराब आहे. हे म्हणाले, हात खराब आहे. बाचाबाची झाली. चार दिवसांनी त्याला खिदिरपूरकडे मोठं काम मिळालं आणि तो गेला तो पावसाळ्यानंतरच येईन असं सांगून.

मग हे पत्रेवाल्या दुकानदाराकडे गेले आणि विचारून आले. आधी गिरमिटानं भोक पाडायचं, तेही स्क्रूपेक्षा किंचित मोठं. स्क्रूला वायसर घालायचा आणि फार आवळायचा नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट सोडायची आणि ती वरून लाकडी पट्टीनं झाकायची. पत्र्याची खालची कड विटांच्या भिंतीच्या बाहेरून थोडी खाली उतरवायची, म्हणजे ओघळणारं पाणी बाहेर पडतं. यातलं सगळं यांनी मान्य केलं, फक्त फटीचं सोडून.

"फट ठेवायची आणि मग ती झाकायची, याला काय अर्थ आहे? फटीतून पाणी येतं म्हणून तर एवढा खटाटोप चाललाय."

ते दर रविवारी स्वतः काम करायला लागले. दीदी आणि मी पत्रा खालून धरायच्या, हे बांबूच्या शिडीवर चढून स्क्रू लावायचे. पूर्वेची भिंत झाली, उत्तरेची झाली. सगळे पत्रे एकमेकांना अगदी चिकटून, मध्ये सुईसुद्धा जाणार नाही असे. दिसायला खरोखर सुंदर. मग दक्षिणेचा आणि पश्चिमेचा दरमा एकदमच काढून टाकला आणि त्यातला बरा भाग दीदीला स्वयंपाकघर दुरुस्त करायला देऊन टाकला.

त्यानंतरच्या रविवारी दुपार उलटल्यावर वादळ आलं. चैत्र-वैशाखात तिकडे वायव्येकडून अशी वादळं येतात, त्यांना कालबैशाखी म्हणतात. आभाळ बघता बघता शाईसारखं होतं आणि पहिला झोत येतो तो माणसाला ढकलणाराच. हे तेव्हा पश्चिमेच्या कोपऱ्यात शिडीवर होते, दोन्ही हातांत पत्रा. मी खाली. वाऱ्यानं पत्रा शिडासारखा धरला.

"सोडा!" मी ओरडले. "अहो, सोडा तो!"

त्यांनी सोडला नाही. शिडी आडवी झाली, हे पत्र्यासकट विटांच्या भिंतीवर आपटले आणि तिथून खाली. पत्र्याला ओरखडासुद्धा आला नाही. यांचा पाय मात्र गुडघ्याखाली मोडला, हाडं दोन ठिकाणी सरकली. वादळात कोण कुठून आलं कळलं नाही, पण गल्लीतल्या माणसांनी यांना दीदीच्या घराच्या दारावर निजवून, म्हणजे दारच बिजागऱ्यांतून काढून त्यावर निजवून, मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. तिथून टॅक्सीनं इस्पितळात. डॉक्टरांनी मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, आषाढ संपेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही.

तार गेल्यावर सासूबाई सांगलीहून आल्या. सोबत ज्वारीच्या पिठाचा डबा, कारळ्याची चटणी आणि चादरीत गुंडाळलेलं पोळपाट-लाटणं. मुलाला बघून त्या रडल्या, मग डोळे पुसून घराकडे बघायला लागल्या. दोन बाजू बंद, दोन बाजू उघड्या. यांचा पलंग मागच्या खोलीत होता आणि तिथून सरळ तळं दिसायचं. येणारेजाणारे तळ्यावरून यांना नमस्कार करत.

"हे असंच राहणार?" सासूबाईंनी विचारलं.

"मिस्त्री पावसाळ्यानंतर येतो म्हणतोय," मी म्हटलं. "दुसरा शोधतेय. मिळत नाही."

"आणि पाऊस?"

पाऊस जूनमध्ये येणार होता आणि तो दक्षिणेकडूनच येणार होता. दरमा परत लावावा तर तो दीदीच्या स्वयंपाकघराला लागलेला. ती काढून देते म्हणत होती, पण तेवढ्यानं एक भिंतसुद्धा झाली नसती.

त्या संध्याकाळी दीदी आली आणि म्हणाली, "बौदी, आपण दोघींनी केलं तर? धरायचं कसं ते माहीत आहे, भोक पाडायचं कसं तेही आपण बघितलंय. शाळा मे महिन्यात बंदच आहे."

मी सासूबाईंकडे बघितलं. शिडीवर चढणारी सून हा त्यांच्यासमोर मांडायचा विषय नव्हता. दीदीचं बोलणं त्यांना कळलं नव्हतं, म्हणून मी भीत भीत मराठीत सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "लुगड्याचा काचा मार, नाहीतर पडशील. तू भिंत बघ, मी स्वयंपाक बघते."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो.

पहिले काही दिवस नुसती मोडतोड झाली. पत्रा कापायचा म्हणजे कानशीच्या टोकानं रेघ ओढायची, तीच रेघ पुन्हा पुन्हा खोल करायची आणि मग पत्रा पाटाच्या कडेवर ठेवून दाबायचा. नीट खोल गेली असेल तर तो रेघेवर मोडतो. नसेल तर त्याला वाटेल तिथे. खिडकीच्या वरचा तुकडा आम्ही तीनदा कापला. शेवटी खिडक्यांच्या भोवतीचे तुकडे आम्ही करवतीनंच कापायला लागलो. त्यानं पांढरी भुकटी उडायची. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर. दीदी मला म्हणायची, "बौदी, तू म्हातारी झालीस," आणि आम्ही हसायचो. तोंडाला पदरसुद्धा बांधत नसू. ती भुकटी छातीत गेली की माणसाचा घात करते हे फार पुढे, केस खरोखर पांढरे झाल्यावर, वाचण्यात आलं. आम्हा दोघींना काही झालं नाही. पण त्या कारखान्यांत जे रोज काम करत असतील त्यांचं काय झालं असेल, हे तेव्हापासून मनात येतं.

हळूहळू हात बसला. दीदी भोकं पाडायची, कारण तिच्या मनगटात जोर होता. मी शिडीवर. शिडीचे पाय आम्ही दोरानं खांबाला बांधायला लागलो आणि आभाळ जरा भरलं की पत्र्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. मुख्य म्हणजे मी दोन पत्र्यांत फट सोडली, दुकानदारानं सांगितली होती तशी. दीदी पत्र्यांच्या मध्ये एक पैसा उभा धरायची, मी स्क्रू लावायची, मग ती पैसा काढून घ्यायची.

हे पलंगावरून बघत होते. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचे दोन पत्रे लागले आणि फटीतून उन्हाची उभी रेघ यांच्या पांघरुणावर पडली.

"हे काय आहे?"

"फट."

"मला दिसतंय. ती कशाला?"

"दुकानदारानं सांगितलंय म्हणून. वरून पट्टी येईल."

"मी दोन भिंती केल्या, त्यांत कुठे फट आहे?"

"त्या तुमच्या भिंती," मी म्हटलं. "ह्या मी करतेय."

हे तोंडून निघून गेलं. दीदीला मराठी येत नव्हती, पण ती पाणी प्यायला म्हणून आत निघून गेली. यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर हे माझ्याशी बोलेनात. चहा हवा, वर्तमानपत्र हवं, उशी सरकवायची, सगळं आईला सांगायचे. माणूस आडवा पडलेला, आपण सुरू केलेलं काम बायको पुरं करतेय, आणि ते डोळ्यांसमोर, उठता येत नाही. मला कळत होतं. पण दिवसभर शिडीवर उभं राहून पोटऱ्या भरून यायच्या, बोटांची सालं निघालेली, आणि समजूत काढायचं त्राण उरत नसे. त्यामुळे मीही बोलले नाही.

या काळात गल्लीतल्या पोरांनी मला नाव ठेवलं, मिस्त्री बौदी. मी शिडीवर चढले की कुंपणाबाहेरून हाका सुरू व्हायच्या. सासूबाईंनी एकदा विचारलं, "काय म्हणतात गं ही पोरं तुला?"

मी सांगितलं.

"मिस्त्री म्हणजे सुतार की गवंडी?"

"दोन्ही."

त्यांनी जरा विचार केला. "मग बरंय," म्हणाल्या.

मे संपायच्या आत दोन्ही भिंती उभ्या राहिल्या. सांध्यांवर पट्ट्या बसल्या, पट्ट्यांच्या कडेनं लांबी भरली, म्हणजे खडूची भुकटी जवसाच्या तेलात कणकेसारखी मळून. ती मळायचं काम सासूबाईंनी घेतलं. असा गोळा मी पुन्हा कुणाच्या हातचा बघितला नाही. रंगही त्यांनीच पसंत केला, हिरवा. दुकानातून तेलाचा रंग आणून आम्ही हौसेनं चारही भिंतींना बाहेरून लावला. घर एकदम उठून दिसायला लागलं.

मग पाऊस आला. पहिली जोरदार सर दुपारी आली, दक्षिणेकडून, तळ्याच्या पाण्यावरून चालत आल्यासारखी. पत्र्यावर पावसाचा आवाज दरम्यापेक्षा खूप मोठा होतो. बोलायचं तर ओरडावं लागत होतं. मी दक्षिणेच्या भिंतीला हात लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. कोरडी. सासूबाई माझ्यामागून आल्या आणि त्यांनीही हात लावून बघितला. हे पलंगावरून आमच्या दोघींकडे बघत होते.

पण आषाढात तीन-चार दिवस पावसानं दिशा बदलली. समुद्रावरून वादळ आलं की तिकडे पूर्वेकडून पाऊस झोडपतो. तसा झोडपला, आणि यांच्या पूर्वेच्या भिंतीला पोट आलं. पाणी पिऊन पत्रे किंचित फुगले होते. एवढासा फरक, पण सरकायला जागा नव्हती, म्हणून एकमेकांना रेटून बाहेर आले. एक मधोमध तडकला. आवाज बंदुकीसारखा झाला. सासूबाई देव देव करत बाहेर धावल्या.

यांनी पलंगावरून तडा पाहिला. मग मला हाक मारली. कित्येक दिवसांनी सरळ मला.

"अगं, जरा मला उठवून बसव."

मी पाठीमागे लोड दिला.

"तुझी भिंत चांगली आहे," म्हणाले. "माझ्या दोन्ही परत कराव्या लागतील."

"करू की," मी म्हटलं. "पाऊस थांबू दे."

"मी उठल्यावर करू. दोघं मिळून."

"शिडीवर मी चढेन."

"बरं," म्हणाले.

त्या दिवशी चहा त्यांनी माझ्याकडे मागितला.

हिरवा रंगही टिकला नाही. श्रावणात तो कांद्याच्या सालीसारखा सुटायला लागला. नव्या पत्र्यातल्या सिमेंटचा खार तेलाच्या रंगाला खातो, वर्षभर तरी तेलाचा रंग लावायचा नसतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाई हळहळल्या. मग आम्ही सगळा रंग खरवडून चुना लावला आणि पुढे दर वर्षी दुर्गापूजेच्या आधी चुनाच लावत गेलो.

याच श्रावणात काकाबाबू आजारी पडले. ताप, खोकला. त्यांच्या घरातला दक्षिणेचा दरमा पार सडला होता. दीदीनं त्यावर पोती लावली होती, ती भिजून लोंबत होती. बिछाना ओला, पांघरूण ओलं. दीदीनं त्यांना आमच्याकडे आणलं. चालत आले, छत्री धरून, आणि उंबऱ्याशी मला म्हणाले, "दोन दिवसांचीच गैरसोय, बौमा." बौमा म्हणजे सूनबाई. राहिले बरेच दिवस.

यांचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. पाय काठीसारखा बारीक झाला होता आणि हे कुबडी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरत होते. मागच्या खोलीत दोघांचे पलंग समोरासमोर लागले. ताप उतरल्यावर दोघं एकच वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचत आणि इंग्रजीत वाद घालत. सासूबाई काकाबाबूंना मऊ भात आणि मेतकूट द्यायच्या. मेतकूट कशाचं करतात हे त्यांनी त्यांना मराठीत समजावून सांगितलं आणि काकाबाबूंनी मान डोलावून बंगालीत उत्तर दिलं. दोघांनाही काही कळलं नसणार, पण संभाषण लांबलचक झालं.

पाऊस जोरात आला की काकाबाबू वर्तमानपत्र बाजूला ठेवत. त्यांचा पलंग दक्षिणेच्या भिंतीला लागून होता. एकदा मी औषध घेऊन गेले तर ते भिंतीला तळहात टेकवून बसले होते.

"आमच्या तिकडच्या घराच्या भिंती हातभर जाड होत्या," म्हणाले. "पाऊस पडतोय हे आतून कळायचंच नाही."

मी औषध दिलं. त्यांनी ते घेतलं, पेला परत दिला आणि म्हणाले, "बौमा, आमच्या घराची दक्षिणेची भिंत करून द्याल? पूजा झाल्यावर. खिडकी आहे तिथेच ठेवायची. दक्षिणेचा वारा लागतो मला."

"देते की. आणि बाकीच्या तीन?"

"बाकीच्यांची काही गरज नाही. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. एकच."

दीदी दारात उभी होती. नंतर मागच्या बाजूला तळ्याच्या पायरीवर मला म्हणाली, "एक तर एक, बौदी. मी आणखी मागणार नाही त्यांच्याकडे."

त्या हिवाळ्यात आम्ही आधी आमची पूर्वेची आणि उत्तरेची भिंत उतरवून नव्यानं लावली. हे खाली बसून पत्र्यावर रेघा आखून देत. पाय जोडला गेला होता, पण किंचित लंगडत ते शेवटपर्यंत चालले. मग दीदीच्या घराची दक्षिणेची भिंत केली. काकाबाबू अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसले होते आणि दुधीच्या वेलाला धक्का लागू देऊ नका म्हणून सांगत होते. खिडकी त्यांनी सांगितली तिथेच ठेवली.

सासूबाई पावसाळा संपला की परत जाणार होत्या. गेल्या नाहीत. दिरांना पत्र टाकलं की इथे दर वर्षी भिंतींचं काम निघतं, सून एकटी आहे.

काम खरोखरच दर वर्षी निघायचं. आश्विन लागला की मी शिडी काढायची. सैल झालेले स्क्रू किंचित आवळायचे, गंजलेले बदलायचे. सुटलेली लांबी खरवडून नवी भरायची. उत्तरेच्या भिंतीवर शेवाळ धरायचं, ते सोड्याच्या पाण्यानं ब्रशनं घासायचं, मग चुना. एका वर्षी तळ्यावरच्या झाडाचा एक नारळ वाऱ्यानं तिरपा येऊन पश्चिमेच्या पत्र्यावर पडला आणि तिथे डोकं जाईल एवढं भोक झालं. तेव्हा दोन्ही बाजूंच्या पट्ट्या उतरवून तेवढा एक पत्रा बदलला, बाकी कुठे हात लावावा लागला नाही. गल्लीतल्या आणखी काही घरांना असे पत्रे लागले आणि प्रत्येक वेळी मला बोलावणं आलं. मी जाऊन सांगायची, भोक आधी पाडा, फट सोडा, वर्षभर तेलाचा रंग लावू नका.

काकाबाबू त्यानंतर बरीच वर्षं होते. परत जाण्याचं बोलणं कमी होत गेलं, पण उरलेल्या भिंतींचा विषय त्यांनी काढला नाही आणि दीदीनंही नाही. दोन-तीन वर्षांनी दरमा बदलायची वेळ आली की ती नवा दरमा आणायची आणि आम्ही दोघी तो ठोकून द्यायचो. ते गेले ते एका हिवाळ्यात, झोपेत, दक्षिणेच्या खिडकीखालच्या पलंगावर.

श्राद्ध वगैरे आटोपल्यावर दीदी आली.

"बौदी, उरलेल्या तीन भिंती करायच्यात. तुला वेळ आहे का?"

मी विचारलं, "घाई नाही ना? थोडे दिवस जाऊ देत."

"नको," ती म्हणाली. "पावसाच्या आत झाल्या पाहिजेत."

तिनं शाळेतून सुट्टी काढली. दरमा उतरवताना ती एकदाही थांबली नाही. फक्त आतल्या बाजूला, वडिलांच्या खुर्चीमागे, डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग दरम्यावर पडला होता, तेवढा भाग तिनं कात्रीनं कापून बाजूला ठेवला. मग गिरमिट हातात घेतलं. दुपारी सासूबाईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी पाठवली, ती आम्ही पत्र्यांच्या ढिगावर बसून खाल्ली. संध्याकाळपर्यंत पूर्वेची भिंत झाली. उरलेल्या दोन आम्ही पुढच्या रविवारी केल्या.